समुद्राकाठच्या घरात गेमिंग कन्सोल: सोबत आधी काय घ्यायचं?

जून सरता सरता आमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटायला लागतं. आई त्यात तांदळाचे दाणे टाकते, बरणी गॅसच्या जवळ सरकवते, तरी आषाढात मीठ चमच्याला चिकटतंच. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि त्याच पाण्यात विरघळायला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दिवसचे दिवस याहून दमट असते. हेच मीठ डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी खाऱ्या वाऱ्याबरोबर घरात येतं आणि टीव्हीच्या मागच्या सॉकेटात, चार्जरच्या पिनांवर, कंट्रोलरच्या फटींत बसतं. पाऊस लागला की तिथेही त्याला पाणी सुटतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते आणि धातूला गंज चढतो.

कन्सोलसोबत काय घ्यावं हा प्रश्न मला देवगड-मालवणकडचे नातेवाईक आणि शेजारी दर वर्षी विचारतात, विशेषतः गणपतीच्या आधी. मुंबईचा कुणी भाऊ नाहीतर मामा मुलांसाठी टीव्हीला जोडून खेळायचं प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घेऊन येणार असतो आणि हातात तीन-चार हजार रुपये वरखर्चाचे असतात. इंटरनेटवर सापडणारे सल्ले कोरड्या हवेतल्या, अखंड वीज असलेल्या घरांसाठी लिहिलेले असतात. किनाऱ्यावर खरेदीचा क्रम वेगळा लागतो: आधी वीज, मग ओल, मग दुसरा कंट्रोलर, त्यानंतर साठवण. बाकीच्या गोष्टी नंतर, आणि पुष्कळदा त्यांची गरजच पडत नाही.

वीज

विजेचे तीन वेगवेगळे त्रास आहेत आणि तिघांना वेगवेगळं औषध लागतं. दुकानात मात्र तिन्हींसाठी एकच वस्तू पुढे केली जाते, म्हणून हे नीट समजून घ्या.

पहिला त्रास क्षणभराच्या उसळीचा. जवळपास वीज पडली की तारांमधून फार मोठा व्होल्टेज निमिषमात्र येऊन जातो. यासाठी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे दुकानदार ज्याला स्पाइक गार्ड म्हणतात तो. त्याच्या आत व्हॅरिस्टर नावाची चकती असते. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ती स्वतःतून वाट मोकळी करून देते आणि ती ऊर्जा पोटात घेते. किती ऊर्जा घेऊ शकेल ते ज्यूलमध्ये लिहिलेलं असतं. ज्या बोर्डावर ज्यूलचा आकडाच नाही, तो बहुधा लाल दिवा लावलेला साधा एक्स्टेंशन बोर्ड असतो. आणखी एक: प्रत्येक उसळीबरोबर ही चकती थोडी थोडी झिजते. संरक्षण चालू आहे की संपलं हे दाखवणारा वेगळा दिवा असलेलाच बोर्ड घ्या, आणि तो दिवा विझला की बोर्ड बदला, भले त्यावर टीव्ही चालू राहत असला तरी.

चांगल्या स्पाइक गार्डलाही अर्थिंग लागतं. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेचं भोक असतं, पण मागे तारच जोडलेली नसते. असली तरी आपली जमीन जांभ्याची, पाणी धरून न ठेवणारी. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि त्याचा रोध वाढतो. आपल्याकडे विजांचा कडकडाट होतो तो मुख्यतः मे महिन्यातल्या वळवात आणि जूनच्या सुरुवातीला, मग परतीच्या पावसात. म्हणजे अर्थिंग सर्वांत दुबळं असतं तेव्हाच त्याची सर्वांत जास्त गरज असते. आंब्याचं काम चालू असताना त्या खड्ड्यात आठवड्याला दोन कळशा पाणी ओता आणि वायरमनला बोलावून अर्थिंग एकदा मोजून घ्या. या कामाला लागणारे पैसे कुठल्याही ॲक्सेसरीपेक्षा जास्त उपयोगी पडतील, हे मी मनापासून सांगतो.

दुसरा त्रास जास्त वाईट आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: न्यूट्रल तुटणं. वादळात फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात 230 ऐवजी जवळजवळ 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात, आणि तेही क्षणभर नाही, कुणी येऊन लाइन बंद करेपर्यंत. इतका वेळ स्पाइक गार्ड तग धरत नाही, त्यातली चकती जळते. आमच्या वाडीत एकदा असं झालं तेव्हा एका रात्रीत दोन घरांतले टीव्ही गेले. यासाठी हाय-लो व्होल्टेज कट-ऑफ नावाचं छोटं यंत्र मिळतं, फ्रीजसाठी विकतात तसं. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला की ते सरळ पुरवठा तोडतं आणि सगळं ठीक झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून परत जोडतं. 3 जून 2020 चं निसर्ग आणि पुढच्याच मे महिन्यातलं तौक्ते ज्यांनी पाहिलं, त्यांना वादळानंतर परत आलेल्या लाइटवर लगेच विश्वास ठेवायचा नसतो हे वेगळं सांगायला नको. स्टॅबिलायझर मात्र कन्सोलला सहसा लागत नाही, त्याचा आतला पॉवर सप्लाय थोडाफार कमी व्होल्टेज सहन करतो.

तिसरा त्रास म्हणजे लाइट जाणं. खेळ सेव्ह होत असताना किंवा अपडेट चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते. इथे यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर काही मिनिटं वीज चालू ठेवणारा डबा, कामाला येतो, पण हिशेब करून घ्या. प्लेस्टेशन 5 खेळताना सुमारे 200 वॉट ओढतो, मध्यम आकाराचा टीव्ही आणखी 80 ते 100. कॉम्प्युटरसाठी सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटच देतो, म्हणजे अगदी काठावर. 1000 व्हीएचा घेतला तर सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती मिनिटं शांतपणे मिळतात. एक्सबॉक्स सिरीज एस 80 वॉटच्या आसपास भागवतो, त्याला लहान यूपीएस चालतो. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे ना हे बघा आणि त्यावर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा, नाहीतर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर येईपर्यंतच्या क्षणात कन्सोल बंद पडतो.

आकाशात खरोखर गडगडायला लागलं की यांपैकी कशावरही विसंबू नका. प्लग काढा. आणि नुसता विजेचा नाही: छतावरच्या डिशची किंवा केबल टीव्हीची तांब्याची तारही टीव्हीतून काढा. आमच्या घरी उसळ त्याच वाटेने आली होती. प्लग काढलेला होता, पण डिशची तार टीव्हीला, टीव्हीची एचडीएमआय केबल कन्सोलला, आणि दोन्हींचे पोर्ट गेले.

ओल

ओलीसाठी बाजारात कन्सोलची अशी काही खास वस्तू नाही. जे लागतं ते बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात मिळतं.

कन्सोल पडवीत किंवा ओटीवर ठेवू नका, माजघरात ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला तर नकोच, झडीचा पाऊस त्याच भिंतीत मुरतो. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. प्लेस्टेशन 5 गरम हवा मागून सोडतो, एक्सबॉक्स सिरीज एक्स वरून. ती वाट मोकळी हवी. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, त्याच्या आत ओल कोंडते. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा पुरतो, तोही यंत्र बंद असतानाच. कूलिंग फॅन लावलेले स्टँड घेऊ नका. कन्सोलचा स्वतःचा पंखा आतून मोजूनमापून बसवलेला असतो, बाहेरचा पंखा त्याची वाट बिघडवतो आणि खारी हवा मात्र जास्त आत ओढतो.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर कन्सोल चालू करा. आतली ऊब ओल बाहेर काढते. उबेला मुंग्या आणि झुरळंही येतात, म्हणून खोबऱ्याच्या वड्यांची ताटली कन्सोलच्या टेबलावर ठेवू नये, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

कंट्रोलर, हेडफोन, जास्तीच्या केबली यांना घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. नारिंगी दाण्यांचं घ्या. ओल पिऊन ते हिरवे होतात, म्हणजे कधी बदलायचे ते कळतं. स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर फिरवले की पुन्हा नारिंगी होतात. निळे दाणे गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्टचं क्षार असतं, लहान मुलं असलेल्या घरात ते नकोत.

दुसरा कंट्रोलर

आता खरी गंमत. गणपतीत आमच्या घरी मुलं सहा असतात. आरती झाली, मोदक झाले की भजनी मंडळ यायच्या आधीचा दीड तास त्यांचा. एका कंट्रोलरवर सहा मुलं म्हणजे रडारड ठरलेली. दोन असले की दोघं खेळतात, चौघं आरडाओरडा करतात, आणि तो आरडाओरडा खेळाइतकाच महत्त्वाचा असतो. म्हणून स्वतःच्या पैशांनी घ्यायची पहिली ‘गेमिंगची’ वस्तू दुसरा कंट्रोलर.

घेण्याआधी काय कशाला चालतं ते बघा. प्लेस्टेशन 5 चे खेळ खेळायला 5 साठीचाच कंट्रोलर लागतो. जुना 4 चा जोडता येतो, पण त्यावर फक्त 4 चे खेळ चालतात. एक्सबॉक्समध्ये उलट सोय आहे: आधीच्या एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर नव्या सिरीज एस आणि एक्सवर व्यवस्थित चालतो. मुंबईच्या भावाकडे जुना पडून असेल तर मागून घ्या. मात्र परवानगी नसलेल्या कंपन्यांचे स्वस्त कंट्रोलर एक्सबॉक्सने 2023 च्या नोव्हेंबरपासून अडवायला सुरुवात केली, तेव्हा खोक्यावर ‘एक्सबॉक्ससाठी अधिकृत’ अशा अर्थाचा शिक्का असल्याशिवाय घेऊ नका. निन्टेन्डो स्विचवाल्यांना बरेचदा काहीच घ्यावं लागत नाही, त्याच्या दोन बाजूचे जॉय-कॉन सुटे करून दोघांच्या हातात देता येतात.

कंट्रोलरचा नेहमीचा आजार म्हणजे ड्रिफ्ट. भाचा एकदा म्हणाला, “मामा, मी हात लावूक नाय, तरी गाडी डावीकडे जाता.” दोन पावसाळे खिडकीच्या फळीवर पडून असलेला कंट्रोलर होता तो. आम्ही दोघांनी मिळून उघडला. काडीच्या (आपण जिला अंगठ्याने फिरवतो ती स्टिक) दोन बाजूंना शर्टाच्या बटणाएवढ्या दोन चौकोनी डब्या असतात. एक डावं-उजवं मोजते, दुसरी वर-खाली. डबीचं झाकण सोडवलं की आत घोड्याच्या नालेच्या आकाराचा काळा कार्बनचा पट्टा दिसतो आणि त्यावरून घासत फिरणारी धातूची इवलीशी बोटं. बोटं पट्ट्यावर कुठे टेकली आहेत त्यावर व्होल्टेज बदलतो, आणि त्यावरून कन्सोलला कळतं काडी किती वळली. आमच्या पट्ट्यावर मधोमध एक चकचकीत ओरखडा पडला होता आणि कडेला काळपट, ओलसर भुकटी साचली होती. काडी मध्येच उभी असली तरी बोटांना झिजलेल्या जागी खोटं माप मिळत होतं. गाडी डावीकडे जाणारच.

म्हणजे मूळ कारण घासण्याची झीज. ओल आणि खारी धूळ त्यात भर घालतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काही दिवस आराम पडतो, झिजलेला पट्टा मात्र भरून येत नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये डेड झोन असेल तर तो थोडा वाढवला की काडीच्या मधल्या बारीक हालचाली कन्सोल सोडून देतो आणि कंट्रोलर आणखी काही महिने निघतो. यावरचा पक्का उपाय म्हणजे हॉल इफेक्टच्या काड्या. एडविन हॉल या शास्त्रज्ञाने 1879 मध्ये चुंबकाचा विजेच्या प्रवाहावर होणारा एक परिणाम शोधला, त्याचंच नाव. यात काडीला चुंबक असतं आणि सेन्सर त्याला न शिवता त्याची जागा मोजतो. काहीच घासत नाही, म्हणून पट्टा झिजायचा प्रश्न येत नाही. तुमच्या कन्सोलला चालणारा अधिकृत हॉल इफेक्ट कंट्रोलर मिळत असेल तर समुद्राकाठी त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला माझी हरकत नाही.

चार्जिंगचं म्हणाल तर सोबत मिळणारी केबल पुरते. डॉक, म्हणजे कंट्रोलर चार्जिंगला टेकवून ठेवायचा स्टँड, दिसायला छान, पण त्याची उघडी धातूची टोकं खाऱ्या हवेत लवकर काळी पडतात. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात. तिथे पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल आणि त्यांचा चार्जर एकदा घेतला की वर्षानुवर्षं पुरतो.

साठवण

एकेक मोठा खेळ आज 100 जीबीच्या घरात असतो. प्लेस्टेशन 5 च्या पहिल्या आवृत्तीत 825 जीबी लिहिलेले असले तरी हाताशी सुमारे 667 येतात. सिरीज एसच्या 512 पैकी सुमारे 364. चार-पाच खेळांत भरलं.

शहरातला माणूस म्हणतो, एक काढा, दुसरा उतरवून घ्या. आपल्या बऱ्याच वाड्यांत फायबर पोचलेलं नाही, मोबाइलवरच भागवायचं असतं. रोज दीड जीबीच्या पॅकवर 100 जीबीचा खेळ उतरवायला सदुसष्ट दिवस लागतील. म्हणून आपल्याकडे एकदा उतरवलेला खेळ पुसायचा नसतो, बाजूला काढून ठेवायचा असतो. त्यासाठी साधी यूएसबी 3 ची बाहेरची हार्ड डिस्क उत्तम. प्लेस्टेशन 5 चे खेळ तिच्यावर ठेवता येतात, तिथून थेट खेळता येत नाहीत, आधी आत हलवावे लागतात. प्लेस्टेशन 4 चे मात्र तिथूनच चालतात. एक्सबॉक्समध्येही तसंच: जुन्या पिढीचे खेळ थेट, नव्या पिढीसाठी बनवलेले आत आणून.

थेट खेळायचेच असतील तर प्लेस्टेशन 5 मध्ये एम डॉट टू एसएसडी, म्हणजे चपट्या पट्टीसारखी वेगवान साठवण, आत बसवता येते. ती पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीची हवी, वाचनाचा वेग सेकंदाला 5500 मेगाबाइट किंवा वर, आणि हीटसिंकसकट (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) जाडी 11.25 मिलिमीटरच्या आत. हीटसिंक नसलेली घेऊ नका. एक्सबॉक्सला तिचं स्वतःचं कार्ड लागतं, मागे खाचेत सरकवलं की झालं, पण ते महाग असतं.

याच कारणाने कन्सोल घेतानाच डिस्कवाला घ्या असं मी सांगतो. डिस्कवरूनही अपडेट उतरवावे लागतात, पण खेळाचा मोठा भाग बरेचदा डिस्कवरच असतो, आणि खेळून झाला की कणकवलीच्या मित्राला देऊन त्याचा आणता येतो. प्लेस्टेशन 5 स्लिमच्या डिजिटल आवृत्तीला डिस्क ड्राइव्ह मागाहून जोडता येतो, तो पहिल्यांदा जोडताना एकदा इंटरनेट लागतं, एवढं लक्षात ठेवा.

बाकीचं

एचडीएमआय केबल वेगळी विकत घेण्याचं कारण क्वचितच असतं. 4के टीव्हीवर सेकंदाला 120 चित्रं दाखवणाऱ्या खेळांसाठीच 48 गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबल लागते, आणि प्लेस्टेशन 5 आणि सिरीज एक्सच्या खोक्यातच ती मिळते. 32 इंची साध्या टीव्हीला तिचा काही फरक पडत नाही. सोन्याच्या मुलाम्याने चित्र सुधारत नाही, कारण संदेश डिजिटल असतो. सोनं गंजत नाही, एवढाच काय तो आपल्याकडचा फायदा. टीव्हीतला गेम मोड मात्र चालू करा. बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर त्याने कमी होतो, आणि तो फुकट आहे.

ब्लूटूथ हेडफोन घरात असतील म्हणून खूश होऊ नका. प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स दोन्ही ब्लूटूथ हेडफोन थेट जोडून घेत नाहीत. स्विच 2021 पासून घेतो. साध्या 3.5 मिलिमीटरच्या पिनेचा, माइक असलेला हेडफोन प्लेस्टेशन 5 च्या आणि नव्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरच्या खालच्या भोकात घातला की चालतो, स्विचमध्ये तो यंत्राच्याच भोकात घालायचा. कानाच्या गाद्या कापडाच्या बघा. रेक्झिनच्या गाद्या आपल्या दमट हवेत पापुद्रे निघून मानेला चिकटतात.

स्टिअरिंग व्हील घ्यायचंच असेल तर नाव सारखं वाटलं म्हणून फसू नका: लॉजिटेकचं जी29 प्लेस्टेशनला चालतं, जी920 एक्सबॉक्सला. आणि ते घट्ट बसवायला हलणार नाही असं जाड टेबल लागतं.

गणपती संपून चाकरमानी परत निघाले आणि कन्सोल शिमग्यापर्यंत बंद राहणार असेल, तर त्या दिवशी अर्धा तास काढा. कंट्रोलरची बॅटरी अर्ध्यावर आणून ठेवा, पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी नको. पेन्सिल सेल काढून घ्या, नाहीतर ते पाझरून स्प्रिंगा खातात. सगळ्या पिना कोरड्या फडक्याने पुसा. कंट्रोलर आणि केबली सिलिकाच्या डब्यात, कन्सोल त्याच्या मूळ खोक्यात, कपाटाच्या मधल्या फळीवर, भिंतीला न टेकवता. आणि एसीच्या गाडीतून मुंबईहून आणलेलं खोकं आल्या आल्या उघडू नका. थंड यंत्रावर दमट हवेचं पाणी धरतं. दोन तास तसंच माजघरात राहू द्या, मुलांना तोवर समुद्रावर न्या.